बळ कमी कीं भार अधिक?

आज मी आपल्याशीं एका यंत्राच्या दुखण्याविषयीं बोलणार आहें. मी यंत्रज्ञ नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत गेला. तेव्हां "या मास्तरांस इंजिनाचें काय कळतें?" असें कोणाच्या मनांत आलें तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु या विषयांत मीं एक चूक केली. ती माझ्या जावयास दीडशें डॉलरांहून अधिक रकमेस पडली. आणि ती चूक कोठें झाली हें एका वृद्ध गृहस्थानें मला तासाभरांत समजावून दिलें. तें ज्ञान आपल्यापुढें मांडावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यांत आम्ही उभयतां मुलीकडे अमेरिकेंत गेलों होतों. पेनसिल्व्हेनिया राज्यांतील एका लहानशा गांवीं तिचें घर आहे. घराभोंवतीं पाऊण एकर मोकळी जागा, आणि त्या सर्व जागेवर हिरवळ. आपल्याकडे गवत म्हटलें म्हणजे गुरांचा चारा आठवतो. तिकडे गवत ही घराच्या अब्रूची गोष्ट आहे. थंडी सरली कीं तें भराभर वाढूं लागतें, व आठवड्यास एकदां तरी कापावें लागतें. पुष्कळ गांवांत असा नियमच आहे कीं, गवत ठराविक उंचीपलीकडे, बहुधा आठदहा इंचांपलीकडे गेलें, तर घरमालकास नोटीस यावी आणि पुढें दंड व्हावा.

गवत कापण्याचें यंत्र प्रथम इंग्लंडांतील एडविन बडिंग या कारागिरानें १८३० सालीं काढलें. तें हातानें ढकलावयाचें होतें. आज मोठ्या अंगणासाठीं जें यंत्र वापरतात तें लहानग्या ट्रॅक्टरासारखें दिसतें. माणूस त्यावर खुर्चींत बसावा तसा बसतो व चाक धरून तें चालवितो. पोटाखालीं पातीं गरगर फिरतात, आणि पुढच्या अंगास पेट्रोलवर चालणारें इंजिन असतें. जांवयाच्या यंत्राचें इंजिन एकाच सिलिंडरचें होतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हिवाळाभर तें यंत्र शेडमध्यें झांकून ठेवलेलें होतें. एका रविवारीं सकाळीं जावईबापूंनीं तें बाहेर काढून किल्ली फिरविली. इंजिनानें एक हुंकार दिला, अर्धा फेरा घेतला, आणि भिंतीवर आपटावें तसें तें थबकलें. पुन्हां किल्ली, पुन्हां हुंकार, पुन्हां तेंच.

मी ओट्यावर उभा होतों. मी लागलाच म्हणालों, "जावईबापू, बॅटरी गेली. चार महिने थंडींत पडून राहिल्यावर दुसरें काय होणार?"

त्यांनीं माझा शब्द मानला व साठ डॉलर देऊन नवी बॅटरी आणली. गंमत अशी कीं, ती बसवितांच तिसऱ्या खेपेस इंजिन सुरू झालें! माझी मान ताठ झाली. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां तोच हुंकार आणि तोच धक्का. दुकानदार म्हणाला, "मग स्टार्टर गेला असेल." मींही मान डोलावली. स्टार्टर म्हणजे किल्ली फिरविल्यावर इंजिनास पहिले फेरे देणारी विजेची मोटर. शंभर डॉलरांची नवी मोटर आली, आणि इंजिन पूर्वींसारखेंच अडलें. एव्हांना गवत वीतभर उंच झालें होतें. दारावर गांवच्या कचेरीची नोटीस लागली कीं, दहा दिवसांत गवत कापावें. जावईबापू नव्या यंत्राच्या किंमती पाहूं लागले. त्या दोन हजार डॉलरांच्या वर होत्या.

मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिची आई मात्र म्हणाली, "अहो, शाळेंतही तुम्ही आधीं उत्तर सांगून मग रीत करीत होतां का?"

हा प्रश्न मला लागला. कारण तीस वर्षें मुलांच्या वह्यांवर मी हाच शेरा लिहीत आलों होतों कीं, उत्तर आहे, रीत नाहीं.

तिसऱ्या घरांत ऐंशीच्या घरांतले एक गृहस्थ राहतात. त्यांचा सारा जन्म शेतीचीं यंत्रें दुरुस्त करण्यांत गेलेला. नोटीस वाचून ते आपण होऊन आले. बॅटरी केव्हां घेतली, मोटर कितीची, असें त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. ते म्हणाले, "एकदां किल्ली फिरवा, आणि कोणी बोलूं नका." त्यांनीं आवाज ऐकला व म्हणाले, "हें यंत्र दुबळें नाहीं. याच्या वाटेंत कोणी तरी उभें आहे."

या दोन वाक्यांचा अर्थ कळण्यासाठीं इंजिन सुरू होतांना काय घडतें तें पाहिलें पाहिजे. जर्मनींतील निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, आणि आजचीं बहुतेक पेट्रोल इंजिनें त्याच तत्त्वावर चालतात. सिलिंडरांत दट्ट्या खालींवर सरकतो. पहिल्या टप्प्यांत तो हवा व पेट्रोल आंत ओढतो. दुसऱ्यांत तें मिश्रण दाबतो. तिसऱ्यांत प्लगच्या ठिणगीनें स्फोट होऊन दट्ट्या खालीं ढकलला जातो. चौथ्यांत जळलेला धूर बाहेर जातो. इंजिन एकदां चालूं लागलें कीं स्फोटाचें बळ पुढचे टप्पे पार पाडतें. पण पहिला फेरा बाहेरून कोणी तरी द्यावा लागतो. पूर्वीं मोटारींना हा फेरा हातानें दांडा फिरवून देत असत. १९१२ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग याच्या योजनेप्रमाणें कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला, आणि दांड्याचें काम बॅटरीनें उचललें. या कामांतील अवघड घाट म्हणजे दुसरा टप्पा. झडपा बंद असतांना कोंडलेली हवा दाबावयाची, हेंच स्टार्टराचें खरें ओझें.

म्हणून अडखळत फिरणाऱ्या इंजिनाविषयीं पहिला प्रश्न "कोणता भाग गेला?" हा नव्हे. पहिला प्रश्न असा: बळ कमी पडतें आहे कीं भार वाढला आहे? बॅटरी, तारा, सांधे व स्टार्टर हा बळाचा पक्ष. दाबलेली हवा, घट्ट तेल आणि आंत अडकलेलें कांहीं, हा भाराचा पक्ष. दोन्ही पक्षांचें बाह्य लक्षण एकच दिसतें, आणि येथेंच माझ्यासारखा फसतो. नव्या बॅटरीनें इंजिन एकदां सुरू झालें तें बॅटरी जुनी होती म्हणून नव्हे. ताजा बैल चिखलांत रुतलेली गाडी एखादे वेळीं ओढून काढतो, पण त्यामुळें चिखल नाहींसा होत नाहीं.

परीक्षेपूर्वीं सावधगिरी सांगतों. यंत्र सपाट जागीं उभें करावें, ब्रेक लावावा, पातीं सोडवावीं. हात यंत्रांत घालण्यापूर्वीं किल्ली काढून प्लगवरील तार उपसून दूर ठेवावी. बॅटरी सोडवितांना ऋण टोंक आधीं सोडवावें व जोडतांना शेवटीं जोडावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो, म्हणून विडी, काडी जवळ नको. कोणी पेचकसानें स्टार्टराचीं दोन टोंकें जोडून इंजिन फिरवितात. तें कदापि करूं नये, कारण त्यानें सुरक्षेचे सर्व खटके चुकविले जातात व यंत्र अंगावर येऊं शकतें. किल्ली एका वेळीं चारपांच सेकंदांहून अधिक धरूं नये. मधून मोटरीस थंड होऊं द्यावें.

आतां बळाची परीक्षा. त्यासाठीं व्होल्ट मोजणारा मीटर लागतो. तो महाग नसतो. बारा व्होल्टांच्या बॅटरींत सहा घरें असतात व प्रत्येक घराचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली व कांहीं तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते. १२.४ दिसल्यास ती सुमारें पाऊण भरलेली आहे. १२ वर आल्यास जवळजवळ रिती समजावी व आधीं भरून घ्यावी. किल्ली फिरवितांना व्होल्ट खालीं येतात. ते साडेनऊच्याही खालीं घसरूं लागले तर बॅटरीवर संशय घ्यावा. पण संशयच, निकाल नव्हे. कारण अडलेली मोटर ही फिरणाऱ्या मोटरीहून पुष्कळ अधिक वीज खेंचते, आणि त्यामुळें चांगली बॅटरीही त्या क्षणीं लटकी पडलेली दिसते. भार आपलें सोंग लपवून दुबळेपणाचें रूप घेतो, तें असें.

मग तारा पहाव्या. पुष्कळ लोक म्हणतात, "दिवा तर लख्ख लागतो, मग तारेंत दोष कसा?" येथें थोडें गणित करूं. समजा, बॅटरीच्या टोंकाशीं गंज बसून त्या सांध्यांत केवळ ०.०२ ओहम इतका अडथळा झाला. दिव्यास दोन अँपिअर वीज लागते. दोन गुणिले ०.०२ म्हणजे ०.०४ व्होल्टांची तूट; दिव्यास ती जाणवतही नाहीं. पण स्टार्टरास समजा शंभर अँपिअर लागले, तर त्याच सांध्यांत दोन व्होल्ट नाहींसे होतात! दोन्हीं ठिकाणीं तार तीच, गंज तोच, मागणी मात्र वेगळी. म्हणून मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरें स्टार्टराच्या खुंटीवर ठेवावें आणि कोणास तरी किल्ली फिरवावयास सांगावें. तूट अर्ध्या व्होल्टाहून कमी असावी. तसेंच ऋण खुंटी व इंजिनाचें अंग यांमध्येंही मोजावें. तेथें ती याहूनही कमी असावी. अधिक दिसल्यास सांधे सोडवून घांसून लखलखीत करावे व आवळून बसवावे. ऋण तार जेथें सांगाड्याला जोडलेली असते, तेथें रंग व गंज यांचा थर फार वेळां आढळतो. यास खर्च एका पॉलिश कागदाचा.

किल्ली फिरविल्यावर नुसती टिकटिक ऐकूं आली तर बहुधा बॅटरी रिती आहे किंवा सांधा सैल आहे. कांहींच आवाज नसेल तर फ्यूज, किंवा बैठक, ब्रेक व पातें यांचे सुरक्षेचे खटके पहावे. स्टार्टराचा नंबर या पक्षांत सर्वांत शेवटीं लागतो. आम्ही तो दुसरा लावला.

यानंतर भाराची परीक्षा. शेजारच्या गृहस्थांनीं प्रथम हीच केली. बॅटरी आणि मोटर दोन्हीं नवीं असल्यानें त्यांस बळाच्या पक्षाकडे जाण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं पान्ह्यानें प्लग काढला, त्याची तार प्लगाच्या भोंकापासून दूर धातूस टेकवून बांधली, म्हणजे ठिणगी पडावयास नको, आणि आम्हांस बाजूला उभें करून किल्ली फिरविली. इंजिन भिंगरीसारखें फिरलें!

याचा अर्थ काय? प्लगाचें भोंक उघडें असल्यानें हवा कोंडली गेली नाहीं. तो घाट नाहींसा होतांच स्टार्टर लीलेनें फिरला. म्हणजे बॅटरी, तारा व मोटर आपापलें काम करीत होत्या. प्लग काढूनही इंजिन रखडलें असतें, तर मग बळ तपासावें, किंवा आंत कांहीं घट्ट झालें आहे असें समजावें. थंडींत जाड तेलही असें रखडवितें; म्हणून तेल कोणत्या जातीचें हवें तें यंत्राच्या पुस्तकांत हवामानाप्रमाणें दिलेलें असतें.

प्लग काढतांच भोंकांतून पेट्रोल उडालें असतें, तर रोग आणखी निराळा. कार्बुरेटरांतील सुईची झडप गळूं लागली म्हणजे पेट्रोल सिलिंडरांत साठतें. द्रव दाबला जात नाहीं, आणि इंजिन दगडासारखें अडतें. अशा वेळीं तेल मोजण्याची काडी काढून हुंगावी. तेलास पेट्रोलचा वास असेल व त्याची पातळी वर आलेली असेल तर इंजिन मुळींच चालवूं नये. आधीं गळती बंद करावी व तेल बदलावें.

आमच्या यंत्रांत पेट्रोल उडालें नाहीं. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आतां दाब सोडणारी युक्ति पाहूं." हे शब्द ऐकतांच मला माझ्या लहानपणची विहीर आठवली. आमच्या काकांच्या मळ्यांत विहिरीवर डिझेल इंजिन होतें. काका एका हातानें डोक्यावरची मूठ उचलीत, दुसऱ्या हातानें दांडा गरगरा फिरवीत, आणि चाकास वेग आला कीं मूठ खालीं टाकीत; लगेच इंजिन धडधडूं लागे. ती मूठ उचलली म्हणजे झडप थोडी उघडी राही व कोंडलेली हवा निसटून जाई. मूठ न उचलतां दांडा फिरविणें पहिलवानासही जड. जुनी बुलेट मोटारसायकल ज्यांनीं लाथ मारून सुरू केली असेल, त्यांसही हँडलाजवळची ती लहान कळ आठवेल. ही गोष्ट मी दहाव्या वर्षीं डोळ्यांनीं पाहिली होती, आणि साठीनंतर ओट्यावर उभा राहून "बॅटरी गेली" असें सांगत होतों!

गवताच्या यंत्रावर अशी मूठ नसते. तीच युक्ति इंजिनाच्या पोटांत आपोआप चालते. झडपा उघडणाऱ्या दांड्यास कॅमशाफ्ट म्हणतात. त्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. इंजिन सावकाश फिरत असतांना तो दुसऱ्या टप्प्यांत एक झडप, बहुधा धूर सोडणारी, किंचित् उचलून धरतो व थोडी हवा जाऊं देतो. इंजिनानें वेग घेतला कीं लहान वजनें बाहेर फेंकलीं जाऊन तो उंचवटा आंत ओढला जातो, आणि पूर्ण दाब मिळूं लागतो.

आतां मेख अशी. झडपेचा दांडा आणि तिला ढकलणारा अडसर यांत एक फट ठेवलेली असते. अशा पुष्कळ इंजिनांत ती ०.१० ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी असते. वर्षानुवर्षें चालून ती वाढते. उंचवट्याची उचल मुळांतच अल्प. फट वाढली कीं ती सारी उचल फटींतच जिरते आणि झडप हलतही नाहीं. मग सगळी हवा कोंडते, व स्टार्टर अर्ध्या फेऱ्यांत भिंतीवर आपटतो. आमच्या इंजिनाची लक्षणें हीच होतीं.

वृद्ध गृहस्थांनीं थंड इंजिनाचें वरचें झांकण काढलें, दट्ट्या दाबाच्या टप्प्याच्या शेवटीं आणून पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें किंचित् खालीं उतरविला, म्हणजे तो उंचवटा झडपेस धरून राहूं नये, आणि फटींत मापाच्या पातळ पट्ट्या घालून पाहिल्या. धूर सोडणाऱ्या झडपेपाशीं ०.१५ ची पट्टी बसावयास हवी, तेथें ०.४० ची सहज आंतबाहेर होत होती! त्यांनीं आवळलेली नट सैल केली, स्क्रू फिरवून फट जुळविली, नट आवळली, इंजिनास हातानें दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हां मोजली. पट्टी किंचित् घांसून सरकली म्हणजे माप बरोबर. फट बरोबर असूनही इंजिन अडतें, तर मग तो उंचवटाच झिजला किंवा मोडला असे, आणि तें काम इंजिन उघडणाऱ्या कारागिराचें.

प्लग बसविला, तार लावली, जावईबापूंनीं किल्ली फिरविली. पहिल्याच खेपेस इंजिन सुरू झालें. मुदत संपावयास दोन दिवस असतां गवत कापून झालें. त्या गृहस्थांनीं पैसे घेतले नाहींत; हिनें दिलेल्या चकल्या मात्र घेतल्या. जुनी बॅटरी मीं भरून, रात्रभर ठेवून, सकाळीं मोजली. मीटरनें १२.६ दाखविले. तो आंकडा मीं जावईबापूंस दाखविला, आणि माझी चूक त्यांच्यापुढें कबूल केली. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही एकटे नव्हतां, दुकानदारही होता." पण दुकानदारास बॅटरी विकावयाची होती, मला तेंही निमित्त नव्हतें.

श्रोतेहो, आपल्या घरीं असें गवताचें यंत्र नसेल. पण इमारतींत जनित्र असेल, गांवीं शेतावर लहान टिलर असेल, दारांत मोटार असेल. एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांत वरील झडपेची परीक्षा उपयोगी पडेल. अनेक सिलिंडरांच्या मोटारींत ही युक्ति सहसा नसते. तेथें बॅटरी व सांधे यांपासूनच आरंभ करावा. क्रम मात्र सर्वत्र एकच ठेवावा: आधीं ऐकणें, मग मोजणें, मग ज्यास पैसे लागत नाहींत तें करून पाहणें, आणि नवा भाग विकत घेणें सर्वांच्या शेवटीं. आणि आपल्या घरीं कोणी वडीलधारा ओट्यावर उभा राहून एकदम निदान सांगूं लागला, तर त्यास आदरानें रीत विचारावी. मला ती वेळेवर विचारली असती, तर दीडशें डॉलर वांचले असते.